कोंबडी पेंगते, पण तिला झालंय काय?

ऑगस्टमधली गोष्ट. गोराईत आमच्या घरामागे आंब्याखाली लाकडी खुराडं आहे, त्यात सहा गावठी कोंबड्या. सकाळी दार उघडलं की एकमेकींना ढकलत बाहेर पडतात. त्या दिवशी पाचच आल्या. सहावी, जिला आम्ही तांबडी म्हणतो, आतच पिसं फुगवून, मान अंगात ओढून, डोळे मिटून उभी होती. कणी टाकली तरी जागची हलली नाही. कुंपणापलीकडून आत्या म्हणाल्या, "मानमोडी दिसतेय गं. बाकीच्यांना लागायच्या आत कापून टाक." समोरचे काका तर गोळ्यांची अर्धी पट्टी घेऊनच आले. गेल्या वर्षी त्यांच्या कोंबडीला त्याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं.

दोघांनाही तिची काळजी होती. पण दोघांनीही तिला हातात न घेताच रोग ठरवला होता. गावठाणांत, कोळीवाड्यांत, आरेतल्या पाड्यांवर, जिथे जिथे मुंबईत अजून घरच्या कोंबड्या आहेत तिथे बहुतेकदा असंच होतं. कोंबडी मलूल दिसली की एक तर सुरी, नाही तर कुठली तरी गोळी. नेमकं काय बिघडलंय ते शोधायचं मधल्या मधे राहून जातं. खरं तर त्यातलं बरंचसं काम घरी, हातांनी आणि डोळ्यांनी करता येतं. डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण जाताना हातात माहिती असली तर त्यांचं काम निम्मं होतं.

आधी त्या फुगलेल्या पिसांचं बघू. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा कितीतरी गरम असतं, ४१ ते ४२ अंश सेल्सिअस. आपल्या घरातल्या तापमापकावर हा आकडा १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास जाईल. म्हणून कोंबडीला हात लावून "ताप आहे हिला" असं म्हणण्याला काही अर्थ नसतो, ती नेहमीच तापलेली लागते. एवढी ऊब टिकवायची तर सतत खावं लागतं. आजारी कोंबडीचं खाणं सुटतं, मग ती पिसं फुगवून त्यांत हवा धरून ठेवते आणि असलेली ऊब वाचवते. जंत असोत, अंडं अडकलेलं असो, विषाणू असो की विष, उभं राहण्याची ढब तीच. त्या ढबीवरून ती आजारी आहे एवढंच कळतं.

दुसरी अडचण अशी की कोंबडी आजार लपवते. कळपात कोण आधी खाणार, कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं, आणि अशक्त दिसणारीला बाकीच्या टोचून बाजूला करतात. त्यामुळे अंगात त्राण असेतो ती दाणे टिपल्यासारखं करत राहते. आपल्याला जो आजाराचा पहिला दिवस वाटतो तो बहुधा पाचवा-सातवा असतो. म्हणून मी आता दर रविवारी सगळ्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि वहीत लिहिते. वजन उतरायला लागलं की डोळ्यांना काही दिसण्याआधी वही सांगते.

हात लावण्याआधीचे तीन प्रश्न

किती कोंबड्या, किती झपाट्याने, आणि कितव्या वयात? डॉक्टरही हेच आधी विचारतात.

एका रात्रीत तीन-चार मेल्या असतील तर विचार एकदम वेगळा करावा लागतो. तिथे राणीखेत (म्हणजेच मानमोडी), बर्ड फ्लू, विषबाधा किंवा उन्हाचा तडाखा हीच नावं पुढे येतात. दोघी-तिघी शिंकताहेत, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसतोय, पण दाण्यांवर तुटून पडताहेत, तर श्वसनाचा जुनाट आजार असू शकतो. त्यात तोंड सुजून नाकातून घाण वास येत असेल तर कोरायझा, म्हणजे जिवाणूंमुळे होणारी कोंबड्यांची सर्दी. आणि एकच कोंबडी हळूहळू वाळत चालली असेल तर शोध तिच्या पोटात, अंडाशयात, पायांत किंवा पिसांत घ्यायचा.

वयानेही बरंच गाळून निघतं. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं पावसाळ्यात मान टाकून बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. दोन ते पाच महिन्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, एक पाय पुढे, एक मागे टाकून पसरली, तर मारेक नावाचा विषाणूजन्य आजार. त्याची लस पिल्लू जन्मतं त्याच दिवशी द्यावी लागते, नंतर देऊन उपयोग नाही. नुकती अंड्यावर आलेली कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल तर अडकलेलं अंडं. दोन-तीन वर्षांच्या पुढे गेलेलीत पोटात पाणी होणं, गाठी, यकृत खराब होणं.

आमची तांबडी दीड वर्षाची. एकटीच आजारी. तीन आठवड्यांपूर्वी ती खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसली होती, आणि कोपऱ्यातल्या खोक्यात अंड्यांशिवायच दिवसरात्र ठाण मांडून बसत होती. खुडूक कोंबडी कमी खाते, तिचा तुरा फिकटतो, दिवसातून एकदाच उठून भलीमोठी विष्ठा टाकते, जवळ गेलं की गुरगुरते. हे सगळं अगदी नेहमीचं, म्हणून मी तिच्याकडे बघणंच सोडलं होतं. तिथेच माझं चुकलं. पुढे कळलं की उत्तर त्या खुडूक होण्यातच होतं.

मानमोडीचं म्हणाल तर ती शक्यता याच प्रश्नांनी मागे पडली. राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, कारण त्यात मान मुरगळते. बाहेर त्याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ तो १९२६ साली आढळला, त्यावरून. आपलं नाव उत्तराखंडातल्या राणीखेतचं. लस न दिलेल्या कळपात तो शिरला की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं करतो. तीन आठवडे एकाच कोंबडीला चिकटून राहणं ही त्याची चाल नव्हे.

वरून खाली

कोंबडी पकडायची ती संध्याकाळी किंवा पहाटे, अंधुक उजेडात. पंख दोन्ही हातांनी अंगाशी धरायचे आणि पोट तळहातावर घ्यायचं. छाती दाबायची नाही. आपल्याला असतो तसा श्वासपटल पक्ष्याला नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलवूनच तो श्वास घेतो. घट्ट आवळलं तर आजारी कोंबडी हातातच गुदमरते.

तुरा बघा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालबुंद आणि भरलेला असतो. खुडूक असताना किंवा पिसं झडण्याच्या दिवसांत तो फिकट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जांभळा-निळा झाला तर रक्तात प्राणवायू कमी पडतोय, हे गंभीर. तुऱ्यावर काळसर खपल्या असतील तर कोंबड्यांची देवी. ती डास चावून पसरते, त्यामुळे आमच्याकडे पावसात हमखास दिसते. चोच उघडून आतही बघायचं, कारण देवीच्या दुसऱ्या प्रकारात घशात पिवळट पापुद्रे धरतात आणि श्वास अडतो. तांबडीच्या तोंडातला रंगच उडाला होता. गुलाबी असायला हवं ते पांढरटसर. तुऱ्याचा फिकटपणा खुडूकपणावर ढकलता आला असता, तोंडाच्या आतला नाही. तिच्या अंगात रक्त कमी होतं.

मग गळ्याखालची अन्नपिशवी. कोंबडी दिवसभर टिपलेलं इथे साठवते आणि रात्रभरात खाली पाठवते, त्यामुळे ती तपासायची वेळ म्हणजे पहाट, दाणे टाकण्याआधी. रिकामी असेल तर सगळं ठीक. पहाटेही टणक गोळा लागला तर लांब गवत किंवा दोरा अडकलाय. फुग्यातल्या पाण्यासारखी थुलथुलीत आणि चोचीतून आंबूस वास, तर आत बुरशी वाढतेय. अशा वेळी कोंबडी उलटी धरून पिशवी पिळायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून ते करू नका, वर आलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन धडधाकट कोंबडीही मरते.

छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर आजार नवा आहे. हाड सुरीसारखं वर आलं असेल तर तो आठवड्यांचा आहे, तुम्हाला दिसला आज एवढंच. तांबडीचं हाड बोटाला टोचत होतं.

शेपटीखाली विष्ठा टाकायची जागा असते, तिच्या दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, जेमतेम एक मावलं तर अंडी बंद आहेत. ही खूण फार कामाची. अंडं अडकण्याची शंका अंड्यावरच्या कोंबडीबद्दलच घ्यायची. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात, आणि त्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम कोंबडी आपल्या हाडांतून आणि खाण्यातून काढते. ते कमी पडलं की कवच मऊ होतं आणि अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही जोर राहत नाही. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवल्याने पुष्कळदा ते सुटतं. आतल्या आत फोडायला मात्र जाऊ नये. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तर कोंबडी हवा तेवढा खाते, आणि शिंपल्यांना आमच्या किनाऱ्यावर तोटा नाही. पोट फुगून पाण्याच्या पिशवीसारखं लागलं तर फुटलेल्या बलकाने आत दाह झालेला असू शकतो. तो घरच्या उपायांपलीकडचा. पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या, वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या कोंबड्या कोणी घरी आणल्या तर हे दुखणं त्यांच्यात फार. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-ऐंशी अंडी घालते, तिचं अंडाशय एवढं शिणत नाही.

तांबडीच्या हाडांत एकच बोट मावत होतं, पोट मऊ होतं. अंड्याचा प्रश्न संपला. तळपायाला काळा खडा आणि सूज असती तर सिमेंटवर उड्या मारून झालेला गळू म्हटला असता, तोही नव्हता.

खोक्यात वर्तमानपत्र

आजारी कोंबडीला वेगळं ठेवतात ते संसर्गासाठी, पण त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो. तिने किती खाल्लं, किती प्यायली आणि विष्ठा कशी टाकली हे फक्त तेव्हाच कळतं. मी एका वेगळ्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं आणि दिवसातून दोनदा बदललं.

नेहमीची विष्ठा तपकिरी किंवा हिरवट, घट्ट, वर पांढरी टोपी. ती टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, तिची वेगळी धार नसते. आठ-दहा वेळांतून एकदा चिकट, चॉकलेटी, भयंकर वासाची पातळ विष्ठा येते. लोक तिला हगवण समजून औषध सुरू करतात. ती आंधळ्या आतड्यातून, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आतड्यातून येते आणि येणं चांगलंच. गर्द हिरवी विष्ठा बघून राणीखेत म्हणायची रीत आहे. राणीखेतमध्ये हिरवी होते हे खरं, पण उपाशी कोणतीही कोंबडी हिरवीच टाकते, कारण अन्नाशिवाय नुसतं पित्त उतरतं. तांबडीची हिरवी होती आणि ती दोन दिवस जेवली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. रक्त दिसलं तर मात्र थांबू नये. रक्ती हगवणीचे सूक्ष्म जीव उबदार ओलीत एक-दोन दिवसांत दुसऱ्या कोंबडीला लागण्याजोगे होतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतलं कोरडं खुराडं शोधूनही सापडत नाही. औषधाइतकंच काम इथे कोरडा भुसा करतो.

पाण्यासारखी पातळ आणि खूप तहान असेल तर आमच्या वस्तीत मी आधी विचारते, सुकी मासळी टाकली होती का? बोंबलाची डोकी, सुकटाचा चुरा कोंबड्यांना घालायची सवय जुनी आहे. त्यातलं मीठ कोंबडीला सोसत नाही, पाणी कमी असेल तर जिवावर बेततं. पावसात ओल धरलेली कणी आणि बुरशीचा पावही तसाच. बुरशीचं विष यकृत पोखरतं आणि दिलेली लसही वाया घालवतं. शिवाय बांधकामाच्या राड्यात कोंबड्या खिळे, तारा, जुन्या रंगाचे पोपडे टिपतात. धान्य दळणारा पेटा ते पोटात ठेवून घेतो. तांबडीला रक्त कमी होतं, म्हणून उंदराचं औषध हेही माझ्या यादीत होतं. त्याने रक्त गोठत नाही आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. पण ते काही दिवसांत संपवतं, तीन आठवडे वाळवत नाही.

काकांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मी परत केल्या. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, जंतांवर चालत नाही, अडकलेल्या अंड्यावर तर नाहीच. अंड्यांत मात्र उतरतं, आणि ती अंडी आपलीच मुलं खातात. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध, अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर देशात २०१९ मध्ये बंदी आणावी लागली ती जंतू त्याला दाद देईनासे होतील या भीतीने.

जिथे घरचं निदान थांबवायचं

अचानक एकापाठोपाठ एक कोंबड्या मरू लागल्या, तोंडं सुजली, तुरे निळे पडले, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर कोंबडीला उचलून तपासत बसू नका. देशातला पाळीव कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबारमधल्या नवापूरला सापडला. २०२२ मध्ये तो शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला आला, म्हणजे आपल्या ठाण्यापर्यंत. अशा वेळी पशुसंवर्धन खात्याला कळवणं २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, १९६२ हा खात्याचा क्रमांक. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. आजारी कोंबडी कापणं, पिसं काढणं, आतडी काढणं यातच माणसाला सर्वांत जास्त धोका असतो. म्हणून "मरायच्या आत कापून खाऊ" हा विचार मला नुसता निष्ठुर वाटत नाही, भीतीदायक वाटतो.

आणि एखादी मेलीच, तर शवविच्छेदन करून घ्या. कोंबडीच्या बाबतीत पक्कं निदान पुष्कळदा तिथेच होतं, आणि त्याने उरलेल्या वाचतात. मृत कोंबडी पिशवीत बांधून बर्फावर ठेवायची आणि त्याच दिवशी न्यायची. डीप फ्रीजरमध्ये गोठवली तर पेशी फुटतात आणि बघण्यासारखं फारसं उरत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आधी फोन करून जावं.

तांबडीला मी जिवंतच डॉक्टरांकडे नेलं. टोपलीत घालून गोराईच्या बोटीने खाडी ओलांडली, पुढे बोरिवलीहून रिक्षा. डॉक्टरांनी वहीतलं सगळं ऐकलं. एकटीच, तीन आठवडे, रक्त कमी, वाळलेली, विष्ठेत रक्त नाही. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, जंतांची अंडी फारशी नव्हती. पंखांखाली उवा नव्हत्या. मग त्यांनी विचारलं, "खुराडं रात्री बघितलंत का?"

रात्री अकराला बॅटरी घेऊन गेले. बांबूच्या दांडीवर पांढरा कागद चोळला, तो लाल रेघांनी भरला. बांबूच्या पोकळ टोकांत, खोक्याच्या सांध्यांत राखेसारखे ढीग, आणि त्या राखेला पाय. लाल माइट. जेमतेम एक मिलिमीटरचा किडा, दिवसा लाकडात लपतो, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत जातो. म्हणून दिवसा कितीही पिसं चाळली तरी अंगावर काही सापडत नाही. बाकीच्या पाचजणी रात्रीपुरत्या दांडीवर असत. तांबडी खुडूक होऊन त्याच खोक्यात रात्रंदिवस बसली होती, आणि किड्यांना लपायला आणि खायला एकाच जागी मिळत होतं.

बांबू जाळला, खोकं मोडलं. फळ्यांच्या फटींत उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारलं. उबेत या किड्याची एक पिढी सात-दहा दिवसांत तयार होते आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा, आणि परत एकदा. मग आत चुना. तांबडीला घरात ठेवून गुळाचं पाणी, उकडलेलं अंडं, भिजवलेली कणी. चौथ्या दिवशी तिने आपणहून वाटीकडे मान वळवली. तोंडातला गुलाबी रंग परत यायला तीन आठवडे लागले, पहिलं अंडं त्यानंतर पंधरा दिवसांनी.

आता दांडी सागाची आहे, सालीशिवाय, तिचे पाय तेल घातलेल्या डब्यांत. आत्यांच्या खुराड्यातला बांबू परवा रात्री आम्ही दोघींनी मिळून तपासला. कागद लाल झाला.